११८ म्हणजे किती खोल? मालवणातल्या एका जिगिंग रॉडचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी मालवणात मासे पकडायचे रॉड दुरुस्त करतो. मोडलेलं टोक बसवणं, गाइड (रॉडवरच्या, मासेमारीचा दोरा ज्यातून जातो त्या कड्या) बदलून दोऱ्याने पुन्हा बांधणं, खाऱ्या पाण्याने धरलेलं रीळ उघडून साफ करणं, असली कामं. पोटापाण्याचा धंदा नव्हे, पण माझ्या पडवीत कुणाचे ना कुणाचे चार-पाच रॉड कायम उभे असतात. हे त्यातल्या एकाचं प्रकरण. माणसं खरी आहेत. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत.

सर कणकवलीकडच्या एका शाळेत शिकवतात, वय ५४. लहानपण खाडीकाठी गेलेलं, त्यामुळे गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, हातात बसलेलं: तंगूस (नायलॉनचा दोरा), गरी (गळ), आमिषाला सुंगटं (कोळंबी). तीन वर्षांपूर्वी त्यांनी पहिला रॉड घेतला आणि खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, उभं राहून ल्यूर (नकली मासा) फेकायला लागले. मुंबईचा मेव्हणा जिगिंगचे, म्हणजे बोटीतून धातूचा जड तुकडा (जिग) तळाकडे सोडून नाचवत मासे धरण्याचे, व्हिडिओ पाहणारा. त्याच्या आग्रहावरून फेब्रुवारीत दोघं मालवणातून एका बोटीने बाहेर गेले. त्या दिवशी रॉड तांडेलाचेच, म्हणजे बोट चालवणाऱ्याचेच, होते. मासा फारसा लागला नाही, पण सरांना नाद लागला. परतताना त्यांनी फिशफाइंडरच्या, म्हणजे खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याचा फोटो काढला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ११८.

मार्चमध्ये सरांनी ऑनलाइन रॉड मागवला. साडेपाच फुटांचा, एकसंध, २५० ते ४०० ग्रॅमच्या जिगसाठी, दोरा पीई ५ ते ८ (पीई म्हणजे विणलेल्या दोऱ्याच्या जाडीचा आकडा). किंमत साडेआठ हजार. सोबत २५० आणि ३०० ग्रॅमचे चार जिग. हिशोब साधा होता: ११८ मीटर पाणी म्हणजे खोल पाणी, खोल पाण्याला जड जिग, जड जिगला जाड रॉड.

यातला प्रत्येक दुवा बरोबर आहे, पहिला सोडून.

अडचण

एप्रिलमध्ये सर तो रॉड घेऊन त्याच बोटीवर गेले. पहिल्या अर्ध्या तासात २५० ग्रॅमचा जिग खडकात अडकून गेला. दुसरा बांधला. तासाभराने उजवा खांदा धरला. त्यांचा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता, व्यायामाने सुटला, पण पुरता नाही. दुपारी ते बोटीच्या फळीवर बसून राहिले आणि तांडेलाचा पोरगा साध्या तंगुसाने मासे काढत होता.

तांडेलाने रॉड हातात घेऊन दोनदा हलवून पाहिला आणि म्हणाला, "सर, ही काठी गरवूक नाय, बैल हाकूक बरी."

मे महिन्यात सर माझ्याकडे आले. रॉडमध्ये काही दोष आहे का ते पाहा, म्हणाले. दोष काही नव्हता. गाइड सरळ, बांधणी पक्की, ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ काठी, चांगला. मी टोकाला १२० ग्रॅमचा जिग लटकवून रॉड आडवा धरला. टोक जेमतेम बोटभर झुकलं. मनगटाने झटका दिला तर रॉड जसाच्या तसा वर आला आणि जिग दोऱ्यावर मेलेल्या उंदरासारखा हलला.

यात काय बिघडतं ते थोडं सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर आहेत. जिगिंगमध्ये आमिष नसतं. धातूचा तुकडा माशाला जिवंत वाटला पाहिजे आणि ते नाचवण्याचं काम रॉडचं. जिगच्या वजनाने टोक वाकतं, मग आपसूक उसळतं, जिग वर उडतो, आडवा होतो आणि लहरत खाली येतो. मासा बहुधा त्या खाली येण्यावर झडप घालतो. रॉड जिगच्या मानाने ताठ असेल तर वाकणं नाही, उसळणं नाही. मग जे काम रॉडने करायचं ते खांद्याला करावं लागतं, मिनिटाला चाळीस वेळा.

फोटोतलं एकक

मी सरांना विचारलं, ४०० ग्रॅमपर्यंतचा रॉड का घेतला? त्यांनी मोबाइल पुढे केला. मी फोटो मोठा केला. ११८ च्या खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात एकक होतं: फूट.

तरी खात्रीसाठी तांडेलाला फोन लावला. तो म्हणाला, "तां फुटात आसा. ईस वाव पाणी हयसर."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, साधारण सहा फूट. वीस वाव म्हणजे १२० फूट, म्हणजे ३६ मीटर. सर बराच वेळ फोटोकडे बघत बसले. "मी गणित शिकवतो हो," एवढंच म्हणाले.

त्यांची बाजूही सांगायला हवी. व्हिडिओत दिसतात त्या बोटी जपानसारख्या ठिकाणच्या. तिथे किनाऱ्यालगतच समुद्र कडा तुटल्यासारखा खोल जातो, तासाभरात दीडशे-दोनशे मीटर पाणी सापडतं. आपल्याकडे उलट. कोकणासमोरचा उथळ तळ लांबवर पसरलेला आहे आणि हळूहळू उतरतो. मालवणातून तास-दीड तास इंजिन चालवलं तरी आपण चाळीस मीटरच्या आसपासच असतो. खरी खोली पाहिजे तर अँग्रिया बँकेच्या पलीकडे जावं लागेल. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा तो बुडालेला पठारी भाग विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येण्यातली ती जागा नव्हे. म्हणून आपल्याकडे कुणी 'डीप सी' म्हटलं की मी आधी विचारतो, किती वाव?

३६ मीटरला जिग किती लागतो? माझा अंदाज असा: पाणी शांत असेल तर मीटरमागे २ ग्रॅम, बोट नेहमीसारखी वाहत असेल तर ३, उधाणाची ओढ आणि वारा असेल तर ४. म्हणजे ७२, १०८, १४४. सरांना हवा होता ८० ते १५० ग्रॅम नाचवणारा रॉड. जवळचा रॉड सुरूच होत होता २५० पासून.

पर्याय

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी. बोटी वर ओढलेल्या, त्यावर झापं. एरवी सरांनी त्याच आठवड्यात दुसरा रॉड मागवला असता. बंदीने दोन महिने विचाराला दिले आणि पडवीत बसून आम्ही बरंच काही उलटसुलट केलं.

पहिला विचार आहे तोच रॉड वापरण्याचा. ३६ मीटरला २५० ग्रॅमचा जिग टाकता येतो, नाही असं नाही. पण तो दगडासारखा तळाला जातो, खडकात बसतो, आणि प्रत्येक वेळी पाचशे-सहाशे रुपये पाण्यात. शिवाय खांदा. हा पर्याय दहा मिनिटांत बाद झाला.

दुसरा होता स्लो पिचचा, म्हणजे जिग सावकाश, थोडा थोडा उचलण्याच्या पद्धतीचा रॉड आणि त्यावर ओव्हरहेड रीळ, म्हणजे रॉडच्या वर बसणारं. बारीक, सबंध लांबीत वाकणारा ब्लँक, रिळाची पाव-अर्धी फिरकी, हातांना कष्ट कमी. मेव्हण्याचा सगळा जोर यावर. सध्या ज्याला त्याला हेच हवं असतं आणि त्यातला अर्धा भाग फॅशनचा आहे असं माझं मत. पद्धत उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण या रॉडने मासा उचलायचा नसतो. मासा लागला की टोक पाण्याकडे ठेवून रिळाने ओढायचा. रॉड उभा केला की बारीक कार्बन टोकाजवळ मोडतो. खडपावर तीन वर्षं रॉड उभा करून मासा उचललेल्या माणसाचा हात हे एका दिवसात विसरत नाही.

तिसरा: स्पिनिंग, म्हणजे रॉडखाली बसणाऱ्या, रिळासाठीच बनवलेला, मध्यम ताकदीचा, स्लो जिगिंगला चालेल असा रॉड. सरांना स्पिनिंगची सवय होती. नाच ओव्हरहेडइतका बारीक मिळत नाही, पण दोरा गुंतत नाही.

चौथा पर्याय तांडेलाचा. काही घेऊ नका, तंगूस घ्या. सर हसले, पण मी हसलो नाही. खाण्यापुरते मासे हवे असतील तर वीस वावाला तंगूस, शिसं आणि सुंगटं यांना आजही तोड नाही. सरांना मासा हवाच होता, पण तो जिगने हवा होता. हे एकदा स्पष्ट झालं की वाद संपतो.

लांबीवर मात्र वाद झाला. मासा ओढतो रॉडच्या टोकाला आणि आपला हात असतो मुठीशी, म्हणून रॉड जितका लांब तितका फायदा माशाचा आणि भार आपल्या हातावर. खांद्याच्या दृष्टीने आखूड बरा. पण जिग सावकाश उचलून सोडायचा तर थोडी लांबी लागते. मी सहा फुटांच्या आत राहा म्हणत होतो, मेव्हणा सहा फूट आठ इंचांवर अडून. तोडगा निघाला सव्वासहा फुटांचा. आता वाटतं, मी अडून बसायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी विचारत नाही: रॉड घरून बोटीपर्यंत जाणार कसा? सर एस.टी.ने किंवा स्कूटरने येतात. साडेपाच फुटांचा एकसंध रॉड एस.टी.त नेताना कंडक्टरशी झालेली बोलाचाली त्यांनी मला दोनदा सांगितली. म्हणून मुठीपाशी सुटणारा, बट-जॉइंटचा रॉड ठरला. वाकणारा भाग अखंड राहतो, त्यामुळे नाचात फरक पडत नाही.

काय केलं

ऑक्टोबरात पहिल्यांदा केलं ते म्हणजे खरेदी पुढे ढकलली. देवबागच्या एका ओळखीच्या पोराकडे ओव्हरहेडचा संच होता. तो सर अर्ध्या दिवसापुरता घेऊन गेले. ओव्हरहेड जिगिंग रिळाला दोरा सारखा पसरवणारी यंत्रणा बहुधा नसते, अंगठ्याने दोरा इकडून तिकडे लावत गुंडाळावा लागतो. वीस मिनिटांत सरांचा दोरा एका बाजूला डोंगरासारखा साचला आणि रीळ अडलं. मेव्हण्याचा पर्याय तिथेच संपला. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे म्हणजे बोटीच्या डिझेलमधला वाटा, एवढाच खर्च.

मग रॉड घेतला: सव्वासहा फूट, स्पिनिंग, जिग १८० ग्रॅमपर्यंत, दोरा पीई ३ पर्यंत, ९,२०० रुपये. नवं रीळ घेऊ दिलं नाही. खडपावर वापरायचं ५००० आकाराचं रीळ होतंच. जाड रॉडवरचं मोठं रीळ या रॉडला लावलं असतं तर सगळा भार हाताखाली आला असता. छोट्या रिळावर ३०० मीटर पीई २.५ चा नवा दोरा भरला, त्याचे २,८०० गेले. पुढे अडीच मीटर फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे जिगच्या बाजूचा वेगळा दोरा, एफजी नावाच्या गाठीने जोडलेला.

ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढेल तेव्हा दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक, माझ्या अंगणात लावला. तो दोरा तुटायला सुमारे १६ किलो लागतात. ड्रॅग त्याच्या पाव ठेवावा, म्हणजे ४ किलो. रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा दोऱ्याला बांधला, मी काटा धरून मागे गेलो आणि सर ड्रॅगची फिरकी आवळत गेले. काटा चारवर गेला आणि रीळ कर्र वाजलं. सरांचा चेहरा पडला. "एवढं जड?" बोटाने ओढून ते ज्याला घट्ट म्हणत होते ते दीड किलोसुद्धा नव्हतं.

काय झालं

पहिली फेरी नोव्हेंबरात, पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी. सुट्टी त्याच दिवशी होती, दुसरं कारण नाही. उधाणाची ओढ एकीकडे, मतलई वारा दुसरीकडे. १२० ग्रॅमचा जिग सोडला की दोरा बोटीखाली जाण्याऐवजी तिरका मागे धावायचा. तळ लागल्याचं कळेना. १५० बांधला, मग १८०. मासा नाही. खांदा मात्र तीन तास टिकला आणि मला तेवढंच पाहायचं होतं.

दुसरी फेरी अष्टमीनंतर, भांगाच्या, म्हणजे कमी ओढीच्या पाण्यात. तीच जागा, तेच वीस वाव, आणि ११० ग्रॅमचा जिग सरळ ओळंब्यासारखा खाली. तळाला ठेच लागली की दोन फिरक्या, उचल, सोड. दुसऱ्या तासाला सरांचा रॉड अर्ध्यातून वाकला. सुरुवातीला त्यांनी सगळं नीट केलं, टोक खाली ठेवलं, रिळाने ओढलं. मासा बोटीजवळ दिसला आणि सवय उसळली: रॉड उभा. तांडेलाचा पोरगा ओरडला आणि त्याने हाताने मुठीपुढचा ब्लँक खाली दाबला. गोबरा निघाला, अडीच किलोच्या आसपास. त्या दिवशी आणखी दोन कोकरही मिळाले.

जानेवारीत तिसऱ्या फेरीला मोठा मासा लागला. काय होता ते कुणी पाहिलं नाही. तांडेल मोडसा म्हणतो, सर तांबोसा म्हणतात. दोन-तीन मिनिटं ड्रॅगवर दोरा गेला, थांबला, सरांनी दहाएक मीटर परत घेतला आणि दोरा सुटला. गाठीपाशी नव्हे. लीडरच्या बऱ्याच वर, मधेच. वर आलेलं टोक कापसाच्या वातीसारखं विसविशीत झालेलं.

सर दोरा बदलायला आले. मी दोरा बाजूला ठेवला आणि कापसाचा बोळा एकेका गाइडच्या कडीतून गोल फिरवला. टोकाकडून तिसऱ्या कडीत कापसाचे तंतू अडकून राहिले. भिंगातून पाहिलं तर कडीच्या आतल्या बाजूला केसासारखी चीर. या कड्या सिरॅमिकच्या असतात: घासायला कठीण, पण आपटलं की तडकतात. जोर असलेला दोरा त्या चिरेवरून आत-बाहेर गेला की करवतीवर धरल्यासारखा होतो.

चीर आली कुठून? सरांनी रॉड स्कूटरवर कसा आणतात ते दाखवलं. जिग काढायचा कंटाळा म्हणून त्याचा हुक गाइडच्या कडीत अडकवायचा आणि रीळ फिरवून दोरा ताठ करायचा. १२० ग्रॅमचा धातू, कणकवली ते मालवणच्या रस्त्यावरचे खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याला हुकाचा एक टोला. कडी बदलायला साडेतीनशे रुपये लागले आणि ते मी घेतले नाहीत. कारण पुढे येतं.

वेगळं काय करता आलं असतं

सरांची चूक दिसते ती एककाची. पण माझ्या मते निर्णयाची जागा त्याच्या आधी होती. तांडेल चार हातांवर उभा असताना खोली विचारायची सोडून त्यांनी फोटो काढला. विचारली असती तर उत्तर वावात मिळालं असतं आणि घोटाळ्याला जागाच नव्हती.

माझ्या चुका दोन. हुक कुठे अडकवायचा हे मी सांगितलं नाही. ड्रॅग, गाठ, लांबी यांवर तास घालवले आणि साठ रुपयांच्या रबरी हुक-अडकणीचा विषय निघाला नाही. मला ते इतकं सवयीचं आहे की सांगण्यासारखं वाटलंच नाही. म्हणून कडीचे पैसे घेतले नाहीत.

दुसरी जास्त टोचते. नोव्हेंबरच्या फेरीनंतर आम्ही २०० ग्रॅमपर्यंतचा रॉड घ्यायला हवा होता का, यावर पुन्हा खल केला. तांडेल ऐकत होता. त्याने डिसेंबरात तळाला भोकं पाडलेली जुनी बादली दोरीने बोटीच्या नाकाला बांधून पाण्यात सोडली आणि बोटीचं वाहणं अर्ध्यावर आलं. बोट सावकाश वाहिली की हलका जिग चालतो, हलका जिग चालला की हलका रॉड पुरतो. हिशोबात मी खोली घेतली, ओढ घेतली, वारा घेतला, आणि बोटीचा वेग बदलता येतो हे विसरलो.

लांबीचं म्हणाल तर सर आता जिग उचलताना मूठ काखेत धरतात आणि डाव्या हाताने भार घेतात. पाच फूट दहा इंचांचा रॉड असता तर याची गरज कमी पडली असती. गोबऱ्याच्या वेळी रॉड मोडला नाही यात माझं शहाणपण काही नव्हतं, तांडेलाच्या पोराचा हात होता.

साडेआठ हजारांचा पहिला रॉड पडून नाही. पावसाळ्यानंतर सुरमईसाठी बोटीमागे ल्यूर ओढत नेतात तेव्हा तो कठड्याला लावलेला असतो. त्या कामाला तो ठणठणीत आहे. तांडेल अजून त्याला बैलकाठीच म्हणतो.

गेल्या आठवड्यात सरांचा पुन्हा फोटो आला. मोठ्या बोटीने ते लांब गेले होते. पडद्यावर ६२, आणि या वेळी कोपऱ्यातल्या 'मीटर'भोवती त्यांनी लाल गोल केलेला. मला वाटलं आता नव्या रॉडची किंमत विचारतील. खाली लिहिलं होतं: "चौतीस वाव. भांगाला १८० पुरेल ना? तांडेलाला बादली न्यायला सांगितली आहे."